मुद्दाम आपटलेली बोट

माझ्या नवऱ्याला अख्खं बंदर ‘सुई’ म्हणतं. कुठल्याही फटीतून बोट सुईसारखी आरपार काढतो, म्हणून. बंदर कचेरीच्या पायलट लाँचवर तो कप्तान आहे. मोठं जहाज आत आणायचं तर आधी हा पुढे जाऊन वाट दाखवतो. घरात मात्र या सुईला साधं कपाटाचं दार नीट लावता येत नाही, पण ते कोणाला सांगणार? लोकांना त्याचं भारी कौतुक, आणि खरं सांगायचं तर मलाही.

आम्ही राहतो माझ्या बाबांच्या वर्कशॉपच्या वर. खाली बाबा बोटींची इंजिनं खोलतात, वर आमच्या दोन खोल्या, डिझेलचा वास फुकट. म्हणजे नवऱ्याचा पगार कचेरीचा आणि छप्पर सासऱ्याचं. इतकी वर्षं ते सुखानं चाललं. मग कचेरीनं बंदराच्या तोंडाशी लाटा अडवायला दगडी भिंत घालायला घेतली आणि बाबा भिंतविरोधी समितीचे अध्यक्ष झाले.

बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. भिंत अर्धीच झाली होती, तोवर आतलं पाणी साचून शेवाळ कुजायला लागलं. सकाळी खिडकी उघडली की नाक धरावं लागे. पलीकडच्या किनाऱ्याची वाळू सरकत गेली आणि जिथे शिंपले मिळायचे तिथे नुसता खडक उघडा पडला. पण त्याहून मोठी भीती तोंडाची होती. भिंत पुरी झाली की आत यायची वाट अगदी अरुंद होणार, आणि वर भिंतीवर आपटून परत फिरणारी लाट. माझ्या धाकट्या भावाची मासेमारीची छोटी बोट आहे. पोरगा मनानं सोनं, पण सुकाणूवर हात बेताचाच. त्याला रोज त्याच तोंडातून आत यायचं होतं. बाकीचं राजकारण मला कळत नाही. मला माझा भाऊ संध्याकाळी घरी यायला हवा होता.

प्रकरण चौकशी मंडळाकडे गेलं. पाण्याचे नि वाळूचे अहवाल मंडळानं ऐकून घेतले, पण तोंडाचं त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. भिंत जिथवर व्हायची होती तिथवर नारिंगी बोये तरंगत ठेवायचे आणि वाऱ्याच्या दिवशी उरलेल्या वाटेतून एक बोट आत आणायची, असं ठरलं. बोट कोण आणणार? कचेरी म्हणाली, सुई. समिती म्हणाली, सुई. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, तेही नेमकं माझ्या घरावर येऊन.

त्याच संध्याकाळी बाबा वर आले.

“जावईबापू, चहा नको, कामाचं बोलतो,” ते म्हणाले आणि कप उचललाच. “आत येताना बोट बोयाला जरा घासू दे. थोडी फिरू दे. सुईलाच जमलं नाही म्हटल्यावर मंडळ काय बोलणार?”

“आणि जमलं तर?”

“जमेलच रे तुला! म्हणून तर सांगतोय, जमवू नकोस.”

नवरा पेल्याखालचं ओलं वर्तुळ बोटानं पुसत राहिला. बाबा जिना उतरून गेल्यावर म्हणाला, “आत आणली तर तुझे बाबा मला दारात उभं करणार नाहीत. नाही आणली तर उद्यापासून मी कोण? एवढं एकच तर येतं मला.”

“आणि माझा भाऊ? तुझं नाव मोठं की त्याचा जीव?”

“ठीक आहे,” तो म्हणाला. इतकंच. मला माझाच राग आला, पण बोललेलं मी मागे घेतलं नाही.

चाचणीच्या सकाळी बघते तर हा आरशासमोर. दाढी गुळगुळीत, आणि कोणाच्या लग्नाला जाताना घालतो तो पांढरा शर्ट, स्वतः इस्त्री केलेला. हरायला निघालेला माणूस शर्टाला इस्त्री करत नाही. मी काय ते समजले. आम्हा सगळ्यांना धाब्यावर बसवून हा बोट आत आणणार होता. खाली जाऊन बाबांच्या कानावर घालावं म्हणून मी अर्धा जिना उतरले आणि परत वर आले. स्वतःच्या नवऱ्याची चुगली कुठल्या तोंडानं करायची?

धक्क्यावर ही गर्दी. मंडळाच्या अध्यक्ष बाई दुर्बीण घेऊन पुढच्या खुर्चीत, शेजारी बाबा आणि समिती. माझा भाऊ दोर सांभाळायला लाँचवर गेला होता. लाँच बाहेरून वळली आणि काय सांगू, अशी सरळ, अशी डौलात आली की माझा ऊर भरून आला. तेवढ्यात भिंतीवर आपटलेली लाट माघारी फिरली. तिनं लाँचची मागची बाजू उचलली आणि आडवी टाकली. लाँच बोयावर चढली, तशीच अर्ध्या भिंतीच्या दगडांवर गेली. खरवडल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. भाऊ आडवा पडलेला दिसला. मग इंजिन उलटं घुमलं आणि लाँच कशीबशी बाहेर निसटली.

धक्क्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

“वा रे सुई! काय नाटक वठवलंस!” कोणीतरी ओरडलं. बाबांनी तर मंडळाच्या देखत अंगठा वर केला.

बोये बाजूला केल्यावर लाँच धक्क्याला लागली. शर्ट भिजून त्याच्या अंगाला चिकटला होता आणि ओठ पांढरे पडले होते. अध्यक्ष बाईंनी विचारलं, “हे तुम्ही मुद्दाम केलंत का?”

“नाही. आत आणायचा प्रयत्न केला. जमलं नाही.”

मागे लोक तोंड दाबून हसले. “बघा, चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलत नाही,” बाबा शेजाऱ्याच्या कानात म्हणाले. जन्मभर इंजिनांच्या आवाजात काढलेल्या माणसाची कुजबूज ती, चार घरं पलीकडे जायची. बाईंनी एकवार बाबांकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

चाचणी रद्द झाली. कचेरीनं दुसऱ्या बंदरातला कप्तान आणला, त्यानं निवांत पाण्यात बोट आत आणून दाखवली आणि भिंतीला मंजुरी मिळाली. नवऱ्याला कचेरीनं ताकीद दिली, पण काढलं नाही. इतका हुकमी हात कोण सोडतो? समितीवाले भेटतील तिथे त्याची पाठ थोपटत राहिले. दोन्ही बाजूंना एका गोष्टीची खात्री होती, की त्याला जमत होतं.

“बाबांना खरं सांगून टाक,” मी म्हणायचे.

“काय सांगू? तुम्हाला फसवून आत आणणार होतो, आणि तेही साधलं नाही?”

पुढे पुढे मीही म्हणायचं सोडलं. खोटं का होईना, त्याचं नाव शाबूत होतं आणि घरात शांतता होती. रात्री वारा सुटला की तो खिडकीशी जाऊन भिंतीवरचा लाटांचा आवाज ऐकत बसायचा. मी झोपेचं सोंग घ्यायचे.

भिंत पुरी झाली. आणि आज दुपारी वारा अचानक उठला. बाकीच्या बोटी आत आल्या, भाऊ बाहेर राहिला. आमच्या खिडकीतून त्याची बोट दिसत होती. तोंडासमोर यायची, कचरायची, मागे फिरायची. मग त्याचा फोन आला.

“ताई, मला आत येता येत नाहीये. दुसरं बंदर गाठण्याइतकं डिझेलही नाही. भावजींना पाठव ना. दोर लावून ओढतील मला.”

जिन्यावर बाबांची पावलं वाजली. “जावईबापू, उठा! आज नाटक नको हं, आज खरं दाखवा!” बाबा चक्क हसत होते. पोटचा पोर बाहेर लाटांत, आणि हा माणूस हसत होता, एवढा त्यांचा जावयावर भरवसा.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खुंटीवरचा रेनकोट काढला.

“बाबा,” मी म्हटलं, “त्या दिवशी त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. त्याला खरंच जमलं नव्हतं.”

“मला सांगतेस?” बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. “मीच तर सांगितलं होतं त्याला!”

मी धावत जाऊन दारात नवऱ्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला नाही. तसाच उभा राहिला, मी काय म्हणते त्याची वाट बघत. जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं मला. दुसऱ्या हातातल्या फोनमध्ये भाऊ ओरडत होता, “ताई, निघाले का भावजी?”

“निघाले,” मी म्हटलं, आणि हात सोडला.