गोलंदाजाचा कागद

“कागदाला हात लावू नगा, आधी पाय धुवा,” गोजाबाई म्हणाल्या. ज्योतीरामने निमूटपणे पाय धुतले.

पिंपरीच्या नव्या कारखान्यात कारकुनी करणारा हा अबोल तरुण सायकल दामटीत चाकणला आला होता, तो एका कागदासाठी. फ्रान्सात राज्यक्रांती पेटलेली असताना शिंद्यांच्या पलटणींत चाकरी करणाऱ्या फ्रेंच अंमलदारांचे लष्करी कागद तो जमवीत असे. त्या कागदांसाठी पुण्यातल्या एका वृद्ध पाद्र्याकडे तो फ्रेंच शिकला होता. त्या पिवळ्या पानांपाशी त्याला स्वतःविषयी कसलीच शंका उरत नसे.

खंडेनवमी होती. पाटावर तलवार, विळा, नांगराचा फाळ आणि शेजारी तो कागद. दरसाल ओले कुंकू लावून त्यावरची मोहोर विरघळून गेली होती.

“आमच्या रायाजीबाबाची सनद हाय,” गोजाबाईंचे यजमान कोंडाजी म्हणाले. “खर्ड्याच्या लढाईत तोफ डागली त्यानं. सायब खूश झाला.”

ज्योतीरामने कागद उचलला आणि तो वाचता वाचता थांबला. खरे सांगितले, तर कागद बहुधा आपल्याला मिळेल, हे त्याला कळले. आणि नेमके त्यामुळेच खरे सांगणे जड गेले. तरी त्याने सांगितले.

“सनद नाही, काका. पकडहुकूम आहे. लढाईआधीच रायाजी तोफ सोडून पळाला. दिसेल तिथे धरा, असं लिहिलंय.”

कोंडाजींचा चेहरा उतरला. “मंग घिऊन जावा तुमी. पाटावर नगं त्ये.”

“अवो, थांबा,” गोजाबाई म्हणाल्या. “त्यो घावला असता तर तुमी कुठनं आला असता? आन् हुकूम आपल्याच घरात हाय. म्हंजी त्योबी पळवला बाबानं.”

कोंडाजी खांदे हलवीत हसले.

ज्योतीरामने कागद परत पाटावर ठेवला. “कुंकू तेवढं कोरडं लावा.”

“देवाला कोरडं?” कोंडाजींनी बोट पाण्यात बुडवले.

“दादा, येक करा,” गोजाबाई म्हणाल्या. “मोठ्यांदा वाचा. इतकी वर्सं मुक्यानंच पुजला आमी.”

सुना दारात आल्या. पोरे हात जोडून उभी राहिली. ज्योतीराम मांडी घालून ताठ बसला आणि एका परागंदा गोलंदाजाला धरून आणण्याचा हुकूम अस्खलित फ्रेंचमध्ये वाचू लागला. रायाजीचे नाव आले, तसे सगळ्या घराने जमिनीला डोके टेकले.