पूर्ण थंड होईपर्यंत

माझे मालक कडूबा कन्नडच्या साखर कारखान्यात बॉयलरच्या भट्टीवर होते. पोरगा सम्यक कोकणात गॅसवर चालणाऱ्या वीजकेंद्रात लागला, तेव्हा आपलाच धंदा पुढं चालला म्हणून त्यांना लई आनंद झाला होता. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत पाणी भरलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. घरी न्या म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळलं. भावसिंगपुऱ्यातल्या खोलीत दाराकडं तोंड करून मी त्यांची खाट टाकली आणि सम्यकला फोन लावला.

"माय, आज निघता येत नाय गं," तो म्हणाला. "गॅसचा पुरवठा तुटला. टर्बाईन एकदम बंद पडलंय."

"मरू दे तुझं टर्बाईन. बापाला बघून जा."

कडूबांनी माझ्या हातातून फोन ओढला. "बोल रे सम्या. काय झालं मशीनला? चालतं तरी कसं ते?"

फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. मशीन पुढून हवा ओढतं आणि पात्यांनी दाबतं. त्या दाबलेल्या हवेत गॅस जळतो. तापलेला झोत मागच्या पात्यांवर आदळतो आणि दांडा फिरतो. दांड्याला जनित्र जोडलेलं असतं, तिथं वीज होते. एवढं त्यानं सांगितलं.

"वाफ कुठंय मग?"

"वाफ नाय आबा. तापलेली हवाच ढकलते."

"अन् हवा दाबायला जोर कुठून येतो?"

"त्याच दांड्यातून. निम्म्याहून जास्त जोर त्यातच जातो."

"म्हणजे कमावतं ते स्वतःच खातं व्हय! तुझ्या मामासारखं." ते हसले. हसता हसता खोकला आला, तेव्हा फोनवर तळहात दाबून धरला.

मग सम्यकनं अडचण सांगितली. बंद पडल्यावरही तो दांडा हळूहळू फिरवत ठेवावा लागतो. थांबला तर खालचं अंग आधी निवतं, वरचं गरमच राहतं आणि एवढा जाड दांडा वाकतो. फिरवायची मोटर जळली होती. मशीन पुष्कळदा बंदच असायचं, म्हणून माणसंही कमी ठेवलेली. पहार घालून हातानं फिरवत होते.

"मग फिरव की," कडूबा म्हणाले. "पूर्ण थंड झाल्याबिगर हलू नको."

"तुमची तब्येत?"

"मला काय धाड भरलीय? तुझ्या मायला उगं घाबरायची सवय हाय."

फोन बंद झाल्यावर मी भांडले. "खोटं कशाला बोललात? पोराला येऊ तरी द्यायचं."

"गरम मशीन टाकून आला असता तर इथं बसून त्याचं ध्यान तिथंच राहिलं असतं," ते म्हणाले. "मला तसा नकोय तो."

दुपारपासून मात्र त्यांचं एकच चाललं, "निवलं का गं?" मशीनचं विचारत नव्हते, ते मला कळत होतं. फोन लावला की नुसता वाजायचा. सांजच्याला म्हणाले, दार लावू नको. मी म्हणाले, "निवलं. निघालाय तो." त्यावर त्यांनी मान हलवली आणि दाराकडं बघत पडून राहिले. पहाटे गेले.

सम्यक दुपारी क्रांती चौकातून रिक्षानं आला. बापाच्या पायाशी बसला. 

"माय, मोटर काल संध्याकाळीच दुरुस्त झाली होती."

"मग?"

"साहेब म्हणाले, जा. पण आबा बोलले होते ना, पूर्ण थंड झाल्याबिगर हलू नको. वाटलं, आबा बरे हायेत. रातभर तिथंच राहिलो, फोन बाहेर कपाटात होता. उद्या जाऊन सांगीन म्हटलं, तुमचं ऐकलं म्हणून."

मला त्याच्यावर रागावता येईना. ज्यांच्यावर रागवायचं ते पांढऱ्या कापडाखाली निजले होते.

"त्रिसरण सुरू करा, ऊन लई चढलंय," कडूबांची बहीण रत्नमाला म्हणाली.

ते झालं. माणसं तिरडी उचलायला वाकली. सम्यक पुढच्या बांबूपाशी गेला, पण त्याची मूठ मिटेना. तळहातावर फोड फुटले होते, बोटं सुजून जाड झाली होती.

"सोड, मी धरतो," शेजारचा गोकुळ म्हणाला.

सम्यकनं सोडलं नाही. कोपराच्या बेचक्यात बांबू अडकवला आणि तसंच त्यानं बापाला उचललं.