पळत्या माणसाची खूण

शिवांजलीनं बाकावर चढून पदर कमरेला खोचला आणि कॅमेऱ्यावरची गोल चकती फिरवली. खुणा सरकत गेल्या: फूल, डोंगर, चंद्र, बाईचं डोकं आणि शेवटी पळता माणूस. टक्‌ करून चकती तिथं थांबली.

समोर चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या सहा पट्ट्या होत्या आणि बरोबर तिच्या पायांशी शेवटची पांढरी रेघ. शंभर मीटरवर सहा मुली वाकून उभ्या होत्या. तिसऱ्या पट्टीत तिची विद्यार्थिनी अक्षता. कुरुंदवाडच्या शाळेतून जिल्ह्याच्या स्पर्धेला पोचलेली ही पहिलीच मुलगी. आज पहिली येईल तीच विभागाला जाणार होती. दोन वर्षं रोज सकाळी नदीच्या रस्त्यानं अक्षता पळायची आणि मागून सायकलवर शिट्टी फुंकत शिवांजली.

कॅमेरा मात्र आठच दिवसांचा होता. तिच्या थोरल्या आक्कानं बेळगावहून आणून दिलेला. फूल लावून तिनं जास्वंदीचे केसर टिपले, डोंगर लावून नदीपलीकडचा ऊस टिपला. पळत्या माणसाच्या खुणेनं तिला दमवलं. परसातल्या कोंबड्या हाकलून ती बटण दाबायची आणि फोटोत यायचं नुसतं रिकामं परस. शेवटी कळलं, की बटण आधी अर्धं दाबून ठेवायचं आणि वेळ आली की पूर्ण दाबून सोडायचंच नाही. मग कॅमेरा आपणच एकामागून एक फोटो काढत जातो. तिसऱ्या दिवशी एक कोंबडी पंख पसरून अधांतरी सापडली, तेव्हा शिवांजली परसात एकटीच ओरडली होती.

शिट्टी झाली.

मैदान एकदम उठलं. पहिल्या पन्नास मीटरमध्येच दोघी पुढं सुटल्या, अक्षता आणि चौथ्या पट्टीतली कोल्हापूरची उंच मुलगी. सगळं मैदान त्या दोघींची नावं ओरडत होतं. शिवांजलीनं बोट बटणावर टेकवलं. अर्धं बटण. अजून नाही. अजून नाही. आता!

कट, कट, कट, कट.

दोघी एकदमच रेघ ओलांडून गेल्या. पंचांनी क्षणभर एकमेकांकडं बघितलं आणि उंच मुलीचा हात वर केला.

अक्षता गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. "बाई, मी पुढं होते. आईशप्पत, मी पुढं होते!"

"थांब." शिवांजलीनं बाकावरून उडी मारली. तिनं फोटो मागं नेले. पहिल्या तीन फोटोंत कुणीच रेघेपाशी नव्हतं. चौथ्यात होतं. तिनं चित्र मोठं केलं, अजून मोठं केलं. अक्षताची छाती रेघेच्या वर होती आणि उंच मुलगी वीतभर मागं.

"अक्षे!" तिनं पोरीचा दंड एवढा दाबला की ती कळवळली. "चल!"

पंचांचे प्रमुख केरबा सर निकालाच्या कागदावर सही करायच्या बेतात होते.

"सर, थांबा. फोटो हाय माझ्याकडं."

"बाई, आता फोटोबिटो चालायचं न्हाय. निकाल झाला."

"सही न्हाय झाली अजून. एकदा बघा तरी की!"

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडदा डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं. शेजारच्या पंचालाही दाखवलं.

"व्हय की रं," ते म्हणाले. "पोरगी म्हणतीया ते खरं हाय. बाई, झ्याक काढलायसा फोटो."

अक्षतानं किंकाळीच फोडली. शिवांजलीला हसावं की रडावं कळेना. केरबा सरांनी उंच मुलीच्या नावावर रेघ मारली. "ह्यो फोटो आम्हाला लागंल," असं म्हणत कॅमेरा परत दिला.

शिवांजलीला तो फोटो आख्खा बघायचा होता. चित्र लहान-मोठं करायची दांडी तिनं उलटी ढकलली. चित्र लहान झालं. दोघी, मग चौघी, मग सगळं मैदान आत आलं. वरच्या कडेला पलीकडची गर्दी होती. त्या गर्दीच्या रंगांत मिसळून सहाव्या पट्टीत निळ्या फ्रॉकमधली एक बारकी पोर होती. अनवाणी.

शिवांजलीनं चित्र तिथं सरकवलं आणि मोठं केलं. पोरीची छातीच नव्हे, एक पाऊलही रेघेच्या पलीकडं पडलेलं होतं.

तिनं मान वर केली. अक्षता मैत्रिणींच्या गळ्यात पडून उड्या मारत होती. सरांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. शिवांजलीनं कॅमेरा छातीशी धरला. तिच्या कानांत मैदानाचा आवाज घुमत होता.

"सर," ती म्हणाली. "सही नका करू. आख्खा फोटो बघा."

निळ्या फ्रॉकची पोर नळावर पाय धूत होती. सगळेच आपल्याकडं येताना बघून तिनं नळ बंद केला.

"नाव काय गं तुझं?" केरबा सरांनी विचारलं.

"सौंदर्या. कोडोलीची. काय चुकलं का सर?"

"न्हाय. पहिली आलीस तू."

पोरीनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. शिवांजलीनं पडदा तिच्यापुढं धरला तेव्हा तिनं ओले हात फ्रॉकला पुसले, पण कॅमेऱ्याला लावले नाहीत. नुसतीच बघत राहिली. हळूहळू तिचे डोळे मोठे झाले आणि एकदम, "बाईऽऽ! आमच्या बाई कुठं हायत?" असं ओरडत ती फाटकाकडं सुसाट सुटली.

शिवांजलीला मागं वळायचा धीर होईना. शेवटी वळली, तर अक्षता तिथंच उभी होती. तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. पळत जाणाऱ्या पोरीवरून तिची नजर हलत नव्हती.

"अक्षता..."

"बाई," तिनं नाक मनगटानं पुसलं. "पुढच्या वर्षी मला हिच्या शेजारची पट्टी मिळंल का?"