भोकाच्या पिशव्या

आईच्या हातून तीस वर्षांत एकही कपडा भोकासकट बाहेर गेला नव्हता, आणि हे ती कुणी न विचारताही सांगायची. त्यामुळे लेकीने बारीक जाळीच्या वीस पिशव्या मागितल्या, तेव्हा त्याही तिने ठेवणीतल्या कपड्यांच्या थाटात शिवल्या. पिशव्यांत वाळकी पानं भरायची, ओढ्यात दगडांना बांधायच्या आणि सहा आठवड्यांनी किती पान उरलं ते तोलायचं. लेकीची पदवी यावर अडली होती, आणि पानगळ वर्षातून एकदाच.

निघायच्या सकाळी लेक अंघोळीला गेली आणि आईची नजर भरलेल्या पिशव्यांवर गेली. दहा पिशव्यांना बोट जाईल एवढी भोकं! मेल्या उंदरांनी डाव साधला होता. आयत्या वेळी पोरीला घाबरवायचं कशाला? तिने गुपचूप सुई घेतली. सहा पिशव्या रफू होईतो अंघोळ आटोपली. उरलेल्या चार तिने तशाच गोणीत कोंबल्या, आणि दिवसभर तिला त्या चारांची चुटपुट लागून राहिली.

सहा आठवड्यांनी लेक ओल्या पिशव्या घेऊन आली आणि खुर्चीत मटकन बसली.

"काय झालं गं?"

"दहा पिशव्यांना मी मुद्दाम भोकं पाडली होती, किडे आत शिरावेत म्हणून. पान किडेच खातात हे दाखवायचं होतं. चारांत नुसत्या शिरा उरल्यात, आणि सहांत पानं जवळजवळ तशीच! सगळी मेहनत अक्षरशः पाण्यात गेली, आई."

आईला त्या सकाळची सुई आठवली. गप्प बसता आलं असतं; किडे थोडेच साक्ष द्यायला येणार होते? पण लेकीचे भरलेले डोळे तिला बघवेनात.

"किड्यांना बोल लावू नकोस. दार मीच बंद केलं."

लेकीने पिशवी उलटीसुलटी केली, उजेडात धरली. रफू काही सापडेना. शेवटी आईनेच जागा दाखवली, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही तिला थोडा अभिमान वाटलाच.

लेकीने त्या जागेवरून बोट फिरवलं, मग ती हसत सुटली. "पानगळ संपायला आठवडा आहे अजून. भोकाच्या सहा नव्या पिशव्या हव्यात. उद्याच!"

आईने पिशव्या शिवल्या, पण कात्री उचलताना तिच्या अगदी जिवावर आलं. पहिलं भोक तिने डोळे मिटूनच पाडलं. मग सुईत दोरा ओवला.

"आई!" लेक ओरडली.

"बुजवत नाहीये गं बाई. किडे येता-जाता कड उसवायला नको, म्हणून काज करतेय."