देवाचा नग

साहेब, खंडोजी जगतापच्या कागदावरची ओळ तुम्ही खोडलीत आणि तिचं खापर त्याच्याच डोक्यावर फोडलंत. तुमचं नाव इथे लिहिलेलं नाही. ते लिहायची गरजही नाही. बेंगळूरला हेब्बाळच्या रस्त्यावरच्या त्या कारखान्यात बाराशे माणसं कामाला आहेत आणि बाराशेंना ते ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो.

एकसष्ट सालच्या जुलैत कारखान्यात नवं प्रशिक्षण सुरू झालं. कुठलं काम कुठल्या मशीनवर, कधी चढवायचं, किती वेळात उतरवायचं, माल मापात येतो की नाही हे कागदावर कसं धरायचं, असं सगळं साहेबांच्या हाताखाली शिकवणार होते. कॅन्टीनमागच्या खोलीत फळा लावला. बारा जण निवडले. त्यातले अकरा कॉलेजातून आलेले, बारावा खंडोजी. तेरा वर्षं लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर, उभा राहिलेला, सातवीत शाळा सुटलेला, इंग्रजी कारखान्यातच ऐकून ऐकून शिकलेला. पास झाला तर प्लॅनिंगच्या खोलीत खिडकीजवळचं टेबल त्याचं. नाही झाला तर परत लेथ, आणि दुसऱ्यांदा कुणी विचारणार नाही.

घरी बायकोने, पद्मावतीने, दोन पांढरे सदरे शिवून ठेवले. खंडोजी म्हणाला, ''स्वल्प थांब गं, आधी पास तर होऊ दे.''

''तुम्ही पास व्हा. सदऱ्यांना कुठं परीक्षा आहे?'' ती म्हणाली.

पाच महिने त्याने जीव ओतला. आखलेल्या कागदावर बावीस लेथ एकाखाली एक, आडवे तास, आणि कामाच्या रंगीत पट्ट्या. कॉलेजातली पोरं सुरेख पट्ट्या ओढत. पण सहा नंबरचा लेथ जेवणानंतर कुरकुरतो आणि अकरा नंबरला पट्टा घसरतो, हे खंडोजीच्याच कागदावर असे. साहेबही दोनदा पसंतीची मान हलवून पुढे गेले होते.

शेवटची परीक्षा म्हणजे खरं काम. पंपात बसणाऱ्या पोलादी बुशांची ऑर्डर होती. प्रत्येकाने पूर्ण योजना आखायची, आणि जी उत्तम ठरेल ती डिसेंबरपासून खरोखर चालवायची.

आता इथे लेथच्या शेडची, शॉपची, एक रीत सांगायला हवी. सकाळी साडेसातला मशीन सुरू झालं की पहिला नग मालात जात नसे. तो देवाचा. भिंतीवरच्या तसबिरीखालच्या फळीवर प्रत्येक टर्नर आपापला पहिला नग ठेवी, हात जोडी, मग कामाला लागे. संध्याकाळी ते बावीस नग भंगारात. त्यांना गेज लावायचं नाही, माप घ्यायचं नाही. कुणी सुरू केलं, कुणालाच माहीत नाही. अगदी जुना टर्नर फत्तेसिंग, त्यालाही नाही.

खंडोजीने योजनेत लिहिलं: रोज बावीस नग वजा. कारण: मशीन गार.

त्याला ते कळत होतं. बेंगळूरच्या थंडीत सकाळी लेथचं तेल घट्ट असतं, आदल्या दिवशी गरम मशीनवर लावलेलं माप गार मशीनवर पाळलं जात नाही. हाताला कळतं. पण हाताला कळलेलं फळ्यावर लिहिता येत नाही, म्हणून योजना द्यायच्या आधी तो मायक्रोमीटर घेऊन फत्तेसिंगकडे गेला.

''अण्णा, फळीवरचे नग एकदा मोजू द्या.''

फत्तेसिंगने हातातलं फडकं खाली ठेवलं. ''देवापुढं ठेवलेलं मोजायचं? तुझी आई प्रसाद तराजूत घालून वाटायची काय रे?''

''परीक्षेसाठी पाहिजे.''

''मग परीक्षेला दुसरं काही मोज. सरी? कळलं? आता बाजूला हो, उजेड अडवतोस.''

शॉपमधली माणसं हसली. खंडोजी मायक्रोमीटर खिशात घालून परत गेला. त्यालाही त्या फळीला हात लावायचा धीर झाला नाही. त्याची चूक एवढीच, आणि ती झाकायचं कारण नाही.

साहेबांनी कागद वाचला. ''बावीस वजा? कशाचे?''

''पहिले नग, सर. मशीन गार असतं.''

''देवाचे नग ते. ऐकलंय मी. कारखान्याच्या कागदावर देव नको.''

''देव नाही, सर. मशीन.''

''मोजलेत?''

''नाही.''

''मग हे कारण नाही, ही समजूत आहे.'' साहेबांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि ओळीवर सरळ रेघ मारली. ''बावीस मालात धर. आणि खाली सही कर.''

खंडोजीला खिडकीजवळचं टेबल दिसत होतं. त्याने सही केली.

त्याचीच योजना निवडली गेली. एक डिसेंबरला फळी काढली, तसबीर तेवढी राहिली. तपासणी आखली होती ताशी, पहिली नऊ वाजता. म्हणजे साडेसातचा नग कुणीच पाहत नव्हतं. भिंतीवरच्या तक्त्यावर ठिपके एका रांगेत बसत, शिस्तीत, आणि साहेब पाहुण्यांना तो तक्ता दाखवत.

जानेवारीत गिऱ्हाइकाकडून माल परत आला. रोज सकाळी भरायला घेतलेल्या पहिल्या खोक्याच्या तळाशी एक थर, बावीस बुश, जाड. पंपात बसेनात. वरचे सगळे चोख. सगळी खोकी उपसली गेली; प्रत्येक दिवसाचा तळ तसाच.

चौकशी एका सकाळीत उरकली. साहेबांनी टाइप केलेली योजना पुढे केली. स्वच्छ कागद. त्यावर बावीस वजाची ओळ नव्हती, तांबडी रेघ नव्हती, आणि खाली 'योजना: के. जगताप'.

''मूळ कागद काढा, सर,'' खंडोजी म्हणाला.

''टाइप झाल्यावर मूळ कागद कोण ठेवतो?''

चौकशीला बसलेल्या तिघांपैकी एकानेही दुसरा प्रश्न विचारला नाही. खंडोजी नापास. सोमवारी चौदा नंबरच्या लेथवर परत. पद्मावतीने सदरे घडी करून ट्रंकेत ठेवले.

चौथ्या दिवशी सकाळी फत्तेसिंग आपला पहिला नग घेऊन त्याच्या मशीनपाशी आला. नग चौदा नंबरच्या लेथवर ठेवला.

''मोज.''

''देवाचं ना, अण्णा?''

''देव काय, मोजलेलं पण घेतो. मीच तुला अडवलं. मोज आता, तोंड काय बघतोस?''

खंडोजीने माप घेतलं. इंचाचे तीन हजारांश जाड. त्याने ते जुन्या तक्त्याच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं. मग सहा नंबरचा आला, मग अकराचा. अठरा दिवस बावीसही लेथवरचे पहिले नग त्याच्याकडे आले: तीनशे शहाण्णव. त्यातले तीनशे बावन्न मापाबाहेर. दुसरा नग मोजला तर बहुतेक मापात. कागदावर बावीसही टर्नरांनी सह्या केल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे उठवले. खंडोजीने तो कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. हातात दिला नाही, कारण साहेबांनी हात पुढे केला नाही.

मार्चात शॉपच्या दारावर नोटीस लागली. 'सकाळचा पहिला नग मालात धरू नये, वेगळा ठेवावा. प्रशिक्षण विभागाच्या अभ्यासातून ही सुधारणा करण्यात येत आहे.' खाली साहेबांची सही. एप्रिलपासून कॅन्टीनमागच्या खोलीत नव्या बारा जणांना फळ्यावर गार मशीनचा धडा शिकवला जातो. तीनशे शहाण्णवातले तीनशे बावन्न, आकडे तेच. ते कुणी मोजले, हे फळ्यावर नाही.

फत्तेसिंगने नोटीस कुणाकडून तरी वाचून घेतली आणि खंडोजीला म्हणाला, ''बघ, फळी परत आली. तुझं टेबल तेवढं आलं नाही.''

खंडोजीने चौदा नंबर सुरू केला, पहिला नग उतरवला, माप घेतलं आणि लिहून ठेवलं. तो अजून रोज लिहितो.

तर साहेब, अठरा दिवसांचा कागद तुमच्याकडे आहे, तुम्ही तो वाचलात, वापरलात. टाइप करायच्या आधीचा पहिला कागद कुठे आहे? त्यावरची तांबडी रेघ कुणाची? खंडोजी जगताप कशात नापास झाला? बाराशे माणसं दारापाशी नोटीस वाचत उभी आहेत. त्याच दारावर उत्तर लावा.