माझी चांदीची सवत

मी बोलतेय, मी एक तांब्याची फार्दिंग. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा, सगळ्यात धाकटं नाणं. अंगाने अंगठ्याच्या पेराएवढी, पण माझं नीट ऐका. कारण माझ्यासारखीला चांदीची सवत आणली गेली, आणि हे दुःख मनात ठेवून ठेवून माझ्या कडा झिजायला लागल्यात.

जन्म माझा आयर्लंडचा धरतात, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. नेमकी कुठल्या घरात ठोकली, कुणी ठोकली, यावर विद्वान अजून भांडतात. मला कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही. भांडू देत, तेवढंच माझं नाव निघतं. माझ्या पुढच्या अंगाला गुडघे टेकून हार्प वाजवणारा राजा आहे, मागे संत पॅट्रिक साप हाकलतोय. आणि राजाच्या मुकुटावर बघा, पितळेचा एक थेंब. मुकुट सोन्याचा वाटावा म्हणून घडवणाऱ्याने मुद्दाम बसवलेला. पुष्कळ बहिणींचं हे लेणं झिजून गेलं. माझं शाबूत राहिलं. आता सांगा, गर्व नको करू?

पुढे साध्या राहणीच्या क्वेकर पंथाचा एक व्यापारी डब्लिनहून अमेरिकेला निघाला, त्याने आम्हाला सामानात बांधून बरोबर नेलं. न्यू जर्सीच्या त्या नव्या वसाहतीत सुट्ट्या पैशाची मारामार होती. त्यांच्या सभेने ठरवलं की ह्या आयरिश पोरी इथे चालतील. झालं. माहेर आयर्लंड, सासर अमेरिका. मी पिठाच्या दुकानात राबले, खानावळीत राबले, एका कोळ्याच्या खिशात मासळीच्या वासात राहिले. मग फळीच्या फटीतून खाली पडले ती मातीतच गेले. मातीने मला काही केलं नाही हो. उलट सावकाश एक तपकिरी साय चढवली अंगावर, जुन्या सागवानी पाटासारखी. ती साय म्हणजे माझी कातडी. हे मला फार उशिरा कळलं.

वर आले तेव्हा कुणाच्या तरी बटणांच्या डब्यात होते, तिथून नाण्यांच्या प्रदर्शनात. आणि तिथे मला उपेंद्र भेटला.

उपेंद्र कऱ्हाडचा. कंपनीच्या कामावर न्यू जर्सीत होता. त्याच्या बरोबरीची पोरं सुट्टीला मॉलमध्ये जायची, आणि हा बाबा अमेरिकेच्या वसाहतींच्या काळातली नाणी शोधत हिंडायचा. मला भिंगाखाली धरलं आणि म्हणाला, "अरे, हिचा मुकुट आहे अजून!" बस. त्या दिवशी मी त्याची झाले. पुढे त्याला डब्लिनला नोकरी लागली आणि मी साडेतीनशे वर्षांनी माहेरी आले, तीही त्याच्या मोज्यांच्या जोडीत लपून.

डब्लिनच्या कडेला, ॲडम्सटाउनला घर घेतलं त्याने, स्टेशनाच्या अंगालाच. रोज संध्याकाळी गाडीतून उतरला की हात धुवायचा, पांढरे सुती हातमोजे चढवायचा आणि मला नुसत्या कडांवर धरून दिव्याखाली फिरवायचा. त्याची बायको वृंदा जिन्याखालून ओरडायची, "अहो राजे, आमटी निवतेय! तुमची ती पळून जात नाही."

"दोन मिनिटं गं."

"तुझी दोन मिनिटं म्हणजे माझा कुकर परत लावायचा."

मैत्रिणींना फोनवर सांगायची, "माझी सवत साडेतीनशे वर्षांची आहे. तरी माझ्यापेक्षा जास्त बघतो तिच्याकडे." मला ऐकून गुदगुल्या व्हायच्या. ट्रेमध्ये दुसरीही नाणी होती, पण त्यांच्याकडे तो बघायचा आणि माझ्याकडे परत परत बघायचा. माझं सगळं सुख त्या बघण्यात होतं. दुसरं मागितलं नाही मी काही.

आणि मग ती आली.

डब्लिनच्या दुसऱ्या टोकाला, स्वोर्ड्सला डोनल नावाचा एक म्हातारा आयरिशमन राहतो, उपेंद्रचा ह्या नादातला दोस्त. पावसाने भिजलेला कोट, आणि त्या कोटाच्या आतल्या खिशातून त्याने एक चांदीचा शिलिंग काढून टेबलावर ठेवला. मॅसॅच्युसेट्सचा, मधोमध पाइनचं झाड असलेला. माझ्या डोळ्यांना ती सटवीच दिसली, म्हणून मी तिला 'ती'च म्हणणार. काय ते उजळ अंग, काय तो तोरा! आणि लबाडी बघा. अंगावर १६५२ लिहून बसलीय, पण जन्म त्यानंतर पुष्कळ वर्षांचा. तिकडच्या सगळ्या पाइनवाल्यांनी एकच साल कोरून घेतलंय. दुनिया वय कमी करून सांगते, ही वाढवून सांगते. माझ्या अंगावर सालच नाही. मला गरज नाही.

उपेंद्रचे डोळे तिच्यावर पडले आणि तिथेच चिकटले. भिंग हातात घ्यायचंही विसरला.

डोनल म्हणाला, "मला तुझी ती मुकुटवाली फार्दिंग दे. आमच्या मातीची आहे, आमच्यात राहू दे. वर ट्रेमधली थोडी नाणी दे, आणि ही तुझी."

"खरंच?"

"ही ठेव तुझ्याकडे दिवाळीपर्यंत. बघ, मनाशी ठरव. दिवाळीनंतरच्या रविवारी येतो. सगळं ग्रँड होईल."

ग्रँड! माझा सौदा झाला आणि ह्याला ग्रँड. उपेंद्र एकदाही म्हणाला नाही की ही कशी देऊ. त्या संध्याकाळी त्याने हातमोजे घातले, तिला उचललं, फिरवलं, झाड मोजल्यासारखं फांदीफांदीने बघितलं. माझ्यावरून त्याची नजर अशी गेली जशी बसमधून दुकानाच्या पाट्यांवरून जाते. तांबं बाहेरून हिरवं पडतं, मी आतून पडले.

त्याच आठवड्यात उपेंद्रची आई आली, लीलावतीबाई. दिवाळीसाठी कऱ्हाडहून पहिल्यांदाच आलेली. दोन दिवस तिने मुलाचे ते हातमोजे, तो दिवा, ते श्वास रोखून बघणं पाहिलं. तिसऱ्या दिवशी चहाचा कप त्याच्याजवळ आदळून म्हणाली, "तू तान्हा होतास तेव्हा मीसुद्धा तुला इतकं जपून धरलं नव्हतं रे. धपकन टाकायचे पाळण्यात."

"आई, हे फार दुर्मीळ असतं."

"आणि आया काय पोत्याने मिळतात?"

वृंदा फिसकन हसली. मला ती म्हातारी तेव्हाच आवडली. जळणाऱ्याला जळणारं लांबून ओळखू येतं.

लक्ष्मीपूजनाला इथे कुठली सुट्टी? उपेंद्र सकाळी बूट चढवता चढवता म्हणाला, "आई, संध्याकाळी पूजेला ही माझी दोन नाणी पण ठेवायची हं. एक येणारं, एक जाणारं. दोघींना हळदकुंकू वाहा." आणि आम्हाला वाटीत ठेवून गाडी पकडायला पळाला. ठेव म्हणाला. धुऊ नको म्हणायचं राहिलं. आता मला सांगा, कऱ्हाडची बाई देवीपुढे तांबं न घासता ठेवेल का?

लीलावतीबाईने आधी तिला उचललं. उजेडात धरलं, "चांदी आहे, बरी आहे," म्हणाली आणि नुसती पाण्यातून काढून पदराला पुसली. मग मला बघून तिचं तोंड वाकडं झालं. "वृंदा, ह्याची दशा बघ. किती वर्षं हात नाही लागला कुणाचा. चिंच कुठाय गं?"

वृंदा वर मीटिंगमध्ये होती. कानाचा मायक्रोफोन हाताने झाकून ओरडली, "वरच्या प्रेसमध्ये बघा आई, पोह्यांच्या मागे." इकडे राहून राहून ती ओट्यावरच्या कपाटाला प्रेस म्हणते. कशाला हवीय चिंच, हे तिने विचारलं नाही.

चिंच भिजली. वर मीठ पडलं. आणि म्हातारीने अंगठ्याने जो जोर लावला! आग आग झाली अंगाची. पण खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मी मनात म्हणत होते, घास बाई, अजून घास, त्या कोपऱ्यात राहिलंय बघ. आज संध्याकाळी मी अशी चमकेन की ती पाइनवाली माझ्यापुढे ॲल्युमिनियम दिसेल. नळाखाली धरल्यावर स्टीलच्या वाटीत स्वतःला पाहिलं. गुलाबी! तान्ह्या पोरासारखी गुलाबी. मुकुट पिवळाधमक. वाटीतली ती माझ्याकडे बघतेय असं वाटलं मला. बघ म्हटलं, बघून घे.

संध्याकाळी पाटावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. पणत्या लागल्या. उपेंद्र आला, बूट काढले, हसत हसत पुढे झाला आणि थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. अगदी फक्त माझ्याकडे. कितीतरी दिवसांनी. पण ते बघणं मला हवं होतं तसलं नव्हतं.

"आई, हे काय केलंस?"

"लखलखीत केलं."

"तीनशे वर्षांचा रंग होता तो! तू धुऊन टाकलास!"

"मग काय काळं तोंड घेऊन लक्ष्मीपुढे बसवू?" लीलावतीबाईने निरांजन पाटावर टेकवलं. "तुझ्या वडिलांचा तांब्या आयुष्यभर चिंचेनेच घासला मी. त्याचा कधी रंग गेला नाही आणि ते कधी असे माझ्यावर ओरडले नाहीत."

"तुला काही कळत नाही आई."

आरती म्हातारीने एकटीने म्हटली, निम्म्या आवाजात. वृंदा मधे पडली, "उपेंद्र, सांगून गेला असतास तर? मला तरी सांगायचंस." आणि मी ओल्या हळदीत बसून समजून घेत होते की ज्या सायीमुळे तो माझ्याकडे बघायचा ती सिंकमधून वाहून गेली, आणि वाहताना मीच टाळ्या पिटत होते.

रविवारी डोनल आला. मला भिंगाखाली धरलं, बराच वेळ धरलं, मग मोठ्याने हसला. "माझ्या आईने माझ्या बापाची पदकं अशीच व्हिनेगरने घासली होती. बाप महिनाभर जेवताना तिच्याशी बोलला नाही." लीलावतीबाईला त्याची भाषा कळली नाही, पण त्याने तिच्यापुढे टोपी काढली तेवढं कळलं. मग तो उपेंद्रला हळूच म्हणाला, "आता ही मला नको रे. कातडी गेली की गेली."

त्याने ती पाइनवाली उचलली आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकली. दार लागलं. गेली सवत. मी घरात राहिले. जिंकलेच म्हणायचं.

लीलावतीबाईने मला तळहातावर घेऊन मुलासमोर धरलं. "हिचं काय करू आता?"

"काहीही कर," उपेंद्र म्हणाला. टीव्हीकडे बघत म्हणाला.

त्या दोन शब्दांपुढे चिंच काहीच नाही हो.

म्हातारी मला घेऊन किचनमध्ये गेली. ओट्याला टेकून उभी राहिली आणि माझ्याशी बोलली. "तुला बघतो म्हणून राग होता माझा तुझ्यावर. तो घासण्यात उतरला असेल, काय सांगावं. पण असा ओरडेल असं नव्हतं वाटलं." तिच्या हाताला चिंचेचा वास होता. तिने मला देव्हाऱ्यात नेलं आणि रांगत्या बाळकृष्णाच्या ताम्हनात ठेवलं.

जायच्या दिवशी विमानतळावर जायला निघताना उपेंद्रने तिची बॅग उचलली आणि खालमानेने म्हणाला, "आई, ओरडायला नको होतं मी."

"रोज सकाळी देवाला नमस्कार करून जा, मग माझा राग जाईल," ती म्हणाली. मला वाटतं, तिने ते देवासाठी सांगितलं नाही. माझ्यासाठी सांगितलं असावं. बाईच ती, तिला कळणारच.

आता तो रोज येतो. गाडीची वेळ झालेली असते, एका हातात कॉफीचा मग, पाठीला बॅग. कऱ्हाडहून फोन येतो, "केलास का नमस्कार?" आणि हा "करतोय, करतोय," म्हणत माझ्यासमोर उभा राहतो. इतका जवळ की त्याचा श्वास माझ्यावर येतो. शनिवारी मात्र स्वोर्ड्सला जातो. वृंदाला सांगतो, डोनलकडे गप्पांना जातोय. कुणाला बघायला जातो ते मला विचारा.

माझा गुलाबी रंग उतरतोय. हळदीने, उदबत्तीच्या धुराने पुन्हा थोडी सावळी होतेय मी. पहिल्यासारखी व्हायला आणखी तीनशे वर्षं लागतील, आणि उपेंद्र तेवढा थांबेलसं दिसत नाही. म्हणून माझी घाई आहे. सकाळी हात जोडतो ते ह्या रांगणाऱ्याला. मी आपली त्याच्या गुडघ्याशी. आणि ह्या लोण्याच्या गोळ्याने करून करून काय केलंय? वाटोळं तोंड करून बसलाय नुसता. ना जहाजात बसला, ना मातीत पडला, ना कुणी त्याच्यासाठी स्वोर्ड्सहून आलं.

तरी नमस्कार त्याला. तोही असू दे बाबा, त्याचाच असू दे. माझं एवढंच मागणं आहे, उपेंद्र: हात जोडताना डोळे मिटू नकोस.