तलावातला गाळ, वावरातली माती

महागावजवळच्या तांड्यावर बोभाटा झाला की तलावाच्या गाळात किरणोत्सर्ग आहे, आणि लोकांनी वावरात गाळ टाकणं थांबवलं. या बोभाट्याचं मूळ होती देवीलालची लेक बबिता. पुसदच्या कॉलेजात ती मातीतल्या किरणोत्सर्गावर संशोधन करायची. हातमोजे घालून ती गाळ पिशव्यांत भरत होती, ते साऱ्यांनी पाहिलं होतं. आपल्या हाताचा मळ नमुन्याला लागू नये म्हणून ते मोजे होते, पण तसं कोणी विचारलंच नाही.

शेवटी देवीलाल स्वतःच प्रयोगशाळेत आला. बबिता सुकवलेला गाळ खलात कुटत होती.

"एकच सांग बाई. गाळ टाकू का नोको?"

"तपासल्याबिगर कसं सांगू, बा? थोडा तं साऱ्याच मातीत असते. किती हाय, ते पाह्यचं हाय."

"मंग पाह्य ना आताच!"

"गाळ भरून डबी महिनाभर बंद ठेवा लागते. मातीतून वायू निंगते, तो उडाला तं मोजमाप चुकते."

"वायू?" देवीलाल मागे सरकला.

बबिताला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. महिन्याभरात पाऊस लागला की गाळ पाण्याखाली जाणार होता. 'टाका बिनघोर' म्हणणं सोपं होतं. तिला खात्रीही होती, जवळजवळ. पण तिच्या तोंडून ते निघालं असतं, तर तांड्यानं तीच तपासणी मानली असती.

"आपल्या वावरातली माती आणा," ती म्हणाली. "दोन्ही संगच मोजू."

त्यानं माती आणून दिली. ती सुकवून, कुटून, चाळून झाल्यावर बबितानं त्याला पुन्हा बोलावलं. पंख्याच्या वाऱ्यानं वजनकाट्यावरचे आकडे हलतात म्हणून तिनं पंखा बंद केला. देवीलालनं श्वासही रोखून धरला. दोन्ही डब्यांत सारख्या वजनाची माती भरून तिनं झाकणं घट्ट चिकटवली.

"आपल्या मातीतून बी वायू निंगन?"

"निंगन ना."

त्यानं दोन्ही डब्या शेजारी शेजारी सरकवून पाहिल्या आणि तो तांड्याकडे निघाला.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. त्याच्या वावरात गाळ टाकून झाला होता.

"बा! मी तं टाका म्हटलंच नोतं!"

"नोको बी नाई म्हटलं. तुले भेव असतं तं तू मले आडवं पडून थांबवलं असतं."

पुढचे दिवस बबिताचं कशात मन लागेना. बापानं तिच्या तोंडावरून जे ओळखलं, तेच खोटं निघालं तर?

महिन्यानं मोजणीच्या यंत्राचे आकडे आले तेव्हा गाळ आणि वावर यांत फारसा फरक नव्हता. दोन्ही साध्या मातीसारखेच. तोवर तलाव भरला होता, आणि बाकी तांड्याचा गाळ तळाशीच राहिला होता. ती घरी गेली, तेव्हा शेजारचे उकंडाकाका अंगणात आले.

"बापाले सांगतलं, आमाले काहून नाई सांगतलं?"

"काका, तवा मलेच माहीत नोतं."

त्यांना ते पटलं नाही. चहा न घेताच ते उठून गेले.

"जाऊ दे," देवीलाल म्हणाला. "मी बोलीन त्याच्यासंग." पण बबिता उठली, चप्पल घातली आणि काकांच्या घराकडे निघाली.